कोलेस्टेरॉलचा कागद राहू द्या, आधी बीपी पुन्हा मोजा

वाचक ताईंचं पत्र

वय ३१, पहिलीच खेप, २७ वा आठवडा चालू आहे. कराडजवळ राहते, शाळेत शिकवते. मागच्या आठवड्यात एका लॅबच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यात कोलेस्टेरॉल २५८, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १५२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४६ आलं. तिन्ही आकड्यांपुढे ठळक खूण होती. तेव्हापासून झोप लागत नाही. सासूबाईंनी तूप बंद केलं आणि माझं जेवण अळणी करायला लागल्या. परवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी १४४/९२ भरलं. चालत आल्यामुळे असेल, असं सगळे म्हणाले. कार्डावर आधीचे आकडे असे आहेत: ९ व्या आठवड्यात ११८/७६, १८ व्या आठवड्यात ११०/७०, २४ व्या आठवड्यात १३२/८४. संध्याकाळी पाय सुजतात. आईला बीपी आहे. ती म्हणते, माझी टेल्मिसार्टनची अर्धी गोळी घेऊन बघ. कोलेस्टेरॉलमुळेच बीपी वाढलंय का? चरबीची गोळी घ्यावी का? बाळाला काही होईल का?

उत्तर

ताई, आईची गोळी घेऊ नका, अर्धीसुद्धा नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गटांतली औषधं पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांवर आघात करतात. बाळाची लघवी कमी होते, त्यामुळे गर्भजल आटतं. पाणी आटलं की फुफ्फुसांची वाढ खुंटते. एखादी गोळी घेऊन झाली असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना न लपवता सांगा. त्या गोळ्या आईसाठी योग्य आहेत, तिने त्या सोडायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट तितकीच तातडीची आहे. तुमची झोप उडवली कोलेस्टेरॉलने, पण आमचं लक्ष १४४/९२ वर आहे. हे वाचाल त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे जाऊन बीपी पुन्हा मोजून घ्या. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

तुमच्या कार्डावरचे चार आकडे नीट पाहा. गरोदरपणात पहिल्या महिन्यांपासूनच रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून मधल्या तिमाहीत बीपी थोडं उतरतं आणि शेवटच्या तिमाहीत परत मूळ जागी येतं. तुमचं ११८/७६ वरून ११०/७० झालं, ते ठरल्याप्रमाणेच. पण २४ व्या आठवड्यात १३२/८४ आणि आता १४४/९२ ही चढण नेहमीची नाही. सुरुवातीचा आकडा चांगला होता, म्हणजे हे लग्नाआधीपासून लपून राहिलेलं बीपी नसावं. २० आठवड्यांनंतर बीपी नव्याने १४०/९० किंवा त्याहून जास्त भरलं आणि किमान चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तसंच राहिलं, तर त्याला गरोदरपणातला उच्च रक्तदाब म्हणतात. वरचा किंवा खालचा, कोणताही एक आकडा जास्त असला तरी पुरे. चालून आल्यामुळे वाढलं होतं, असं म्हणायचा हक्क दुसऱ्यांदा मोजून आकडा खाली आल्यावरच मिळतो.

मोजताना होणाऱ्या चुका दोन्ही बाजूंनी फसवतात, म्हणून याबद्दल सविस्तर सांगतो. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. लघवीला जाऊन या, कारण भरलेल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. पाठ टेकून खुर्चीत बसा, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवा, मांडीवर मांडी टाकू नका आणि पाच मिनिटं न बोलता बसा. हात टेबलावर टेकवा, पट्टा छातीच्या पातळीला यायला हवा. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा जास्त येतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताला मोजलं तर तो खोटा कमी येतो. 'कुशीवर मोजलं, आता ठीक आहे' हे समाधान म्हणून फसवं. पट्टा ब्लाउजच्या किंवा कुडत्याच्या बाहीवर नको, उघड्या दंडावर हवा. कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा. घरच्या मशीनसोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याच्या टेपने दंड मोजा. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा मागवा, नाहीतर लहान पट्टा प्रत्येक वेळी बीपी फुगवून दाखवेल. मनगटावरची मशीन गरोदरपणात वापरूच नका.

घरी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजा. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सगळे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा. जास्त आलेला आकडा गाळून चांगला तेवढा लिहायचा मोह होतो, तो टाळा. घरी १३५/८५ च्या वर आकडे येत राहिले तर तेही डॉक्टरांना कळवायला हवं. एकदा मशीन दवाखान्यात नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून घ्या. प्री-एक्लाम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांनाही त्रास होणाऱ्या आजारात, काही स्वयंचलित मशीन खरं असतं त्यापेक्षा कमी बीपी दाखवतात, म्हणून गरोदर स्त्रियांवर पडताळलेलं मॉडेल आहे का, ते विकत घेताना विचारा.

आता तो कागद. लॅबने तुमचे आकडे गरोदर नसलेल्या माणसांच्या मापाने मोजले आहेत. मोठ्या माणसाचं कोलेस्टेरॉल २०० च्या खाली आणि ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली असावं, हा तो माप. गरोदरपणात यकृत इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली जास्त चरबी रक्तात सोडतं. वारेच्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि साठवलेली चरबी मोकळी होऊ लागते. आईने चरबीवर भागवावं आणि साखर बाळासाठी उरावी, अशी ही सोय आहे. कोलेस्टेरॉल तर वारेला प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतं आणि बाळाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणालाही लागतं. त्यामुळे दिवस भरत येतात तसं ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होतं आणि कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्याने चढतं. निरोगी गरोदर स्त्रियांच्या संदर्भतक्त्यात दुसऱ्या तिमाहीसाठी कोलेस्टेरॉल १७६ ते २९९, एलडीएल ७७ ते १८४ आणि ट्रायग्लिसराइड ७५ ते ३८२ अशी मर्यादा आहे. तिसऱ्या तिमाहीत ट्रायग्लिसराइडची वरची मर्यादा ४५३ पर्यंत जाते. तुमचे तिन्ही आकडे या चौकटीत बसतात. म्हणूनच गरोदरपणात ही तपासणी सरसकट सांगितली जात नाही. पॅकेजमध्ये ती फुकटात मिळते आणि भीती पदरात टाकून जाते, याचं आम्हाला वाईट वाटतं. शिवाय त्यासाठी तुम्ही बारा-चौदा तास उपाशी राहिला असाल तर तसं पुन्हा करू नका.

स्टॅटिन गटातली गोळी, म्हणजे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे, तुम्हाला नको. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये या औषधांवरची गरोदरपणातली सरसकट मनाई काढायला सांगितली, ती हृदयविकार किंवा आनुवंशिक अति-कोलेस्टेरॉल असलेल्या थोड्या स्त्रियांचा विचार करून. बाकीच्यांनी गरोदर असताना ती बंदच ठेवायची, हा सल्ला कायम आहे. 'चरबी उतरवणारा' गुग्गुळ किंवा लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूलही नकोत. त्या तांदळात स्टॅटिनच असतं.

काळजी कधी करायची? ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेलं तर तज्ज्ञांची नजर हवी. १००० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी असह्य कळ येते, उलट्या होतात आणि नमुन्यातलं रक्तद्रव दुधासारखं पांढुरकं दिसतं. अशा बाईच्या जेवणातली चरबी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली खूप कमी करावी लागते आणि काहींना रुग्णालयात ठेवून उपचार लागतात. तुमच्यापासून हे फार दूर आहे. मात्र या आकड्यांच्या निमित्ताने दोन तपासण्या राहिल्या असतील तर उरकून घ्या. एक टीएसएच, कारण थायरॉइड मंद असला की कोलेस्टेरॉल चढतं. दुसरी ७५ ग्रॅम ग्लुकोजची. आपल्याकडच्या पद्धतीत त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. २४ ते २८ आठवडे हाच तिचा काळ आहे.

कोलेस्टेरॉलमुळे बीपी वाढलं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: तसं म्हणता येत नाही. ज्यांना पुढे प्री-एक्लाम्पसिया होतो त्यांचं ट्रायग्लिसराइड इतरांपेक्षा जास्त असल्याचं आढळतं, हे खरं. पण दोन्ही गोष्टी बहुधा एकाच मातीतून उगवतात: इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, वजन, घराण्यातलं बीपी. प्री-एक्लाम्पसियाचं मूळ वारेत असतं. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात गर्भाशयाच्या बारीक धमन्या रुंद व्हायला हव्या असतात. त्या पुरेशा झाल्या नाहीत तर वारेला रक्त कमी पडतं, मग तिच्यातून निघणारे पदार्थ आईच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतात. बीपी, लघवीतलं प्रथिन, यकृत, मूत्रपिंड, डोळे, मेंदू हे सगळं त्या एका बिघाडातून येतं. ताटातलं तूप काढल्याने हे थांबतं, असं कोणत्याही अभ्यासाने दाखवलेलं नाही.

तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर काय मागायचं ते सांगतो. बीपी पुन्हा मोजल्यावर आधी लघवी. पट्टीवर प्रथिन 'एक अधिक' आलं तरी सोडून देऊ नये, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर करावं. ते ०.३ किंवा त्याहून जास्त असेल तर प्रथिन खरंच जातंय. नमुना देताना जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली धरा, नाहीतर अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्यामुळे प्रथिन खोटं दिसतं. रक्तात प्लेटलेट, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी एसजीओटी आणि एसजीपीटी. प्लेटलेट १ लाखाच्या खाली, क्रिएटिनिन १.१ च्या वर किंवा यकृताचे आकडे दुप्पट, यातलं एकही आलं तरी लघवीत प्रथिन नसताना सुद्धा प्री-एक्लाम्पसिया धरला जातो. 'लघवी स्वच्छ आहे, मग काही नाही' हा जुना समज मागे पडला आहे. सोबत बाळाच्या वाढीची सोनोग्राफी आणि बाळाकडे जाणारा रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर तपासणी. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी मोफत होते. पण ९ तारीख लांब असेल तर तिची वाट पाहू नका, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात थेट जा.

बीपी खरंच १४०/९० च्या वर टिकलं तर गोळी लागेल आणि ती घ्यायला कचरू नका. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वेळी औषध सुरू करून बीपी १३५/८५ किंवा खाली ठेवतात. फार खाली आणायचं नसतं, कारण वारेकडे जाणारा रक्तपुरवठा टिकायला हवा. गरोदरपणात रुळलेली औषधं तीन आहेत. लॅबेटॅलॉल बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सुरू करतात. दमा असेल तर ते चालत नाही, म्हणून लहानपणीचाही दमा आठवून सांगा. निफेडिपिनची सावकाश विरघळणारी गोळी अख्खी गिळायची असते. तोडली किंवा चावली तर सगळं औषध एकदम सुटून बीपी झपकन पडतं. जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धतही याच कारणाने सोडून दिली आहे. या गोळीने सुरुवातीला डोकं जड होतं, चेहरा तापतो आणि पायांची सूज थोडी वाढते. तिसरं मिथाइलडोपा. त्याने पेंग येते. लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत किमान दोन तास ठेवा. बाळंतपणानंतर त्याने मन खिन्न होऊ शकतं, तेव्हा ते बदलून घेतात. या तिघांची तुलना आपल्या नागपुरातच झाली आहे. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी धोकादायक पातळीला गेलेल्या ८९४ स्त्रियांना यातलं एकेक औषध तोंडाने दिलं. सहा तासांत, काही विपरीत न होता बीपी ताब्यात येण्याचं प्रमाण निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के होतं. हा अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सलाइन लावायची सोय नसलेल्या ठिकाणीही वेळ गाठता येते, हे त्यातून पक्कं झालं. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नका. गोळी घेऊन बीपी किती राहतं, तेच डॉक्टरांना बघायचं असतं.

गोळीने बीपी उतरलं म्हणजे आजार गेला, असं मात्र नाही. गोळी मेंदूतला रक्तस्राव टाळते, वारेतला बिघाड तिला दुरुस्त करता येत नाही. म्हणून बीपी चांगलं असतानाही लघवी, रक्त आणि बाळाच्या वाढीच्या तपासण्या ठरल्या वेळी चालूच राहतात. फक्त बीपीच वाढलेलं असेल, किंवा गंभीर लक्षणं नसलेला प्री-एक्लाम्पसिया असेल, तर ३७ आठवडे भरल्यावर प्रसूती करवतात. गंभीर लक्षणं असतील तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत, आणि आईच्या जिवावर बेतलं तर त्याच्याही आधी. बाळ लवकर येणार असं दिसलं तर त्याच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यांना नाही म्हणू नका.

अ‍ॅस्पिरिनबद्दल कुणी ना कुणी सांगेलच. रात्री झोपताना कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन १२ व्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे १६ च्या आत, सुरू केली तर प्री-एक्लाम्पसिया टळायला खरी मदत होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १५० मिलिग्रॅमच्या गोळीने वेळेआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्री-एक्लाम्पसियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. २७ व्या आठवड्यात सुरू करून तसा उपयोग नाही. पुढच्या खेपेला मात्र नोंदणीच्या पहिल्याच भेटीत हे बीपी सांगा आणि अ‍ॅस्पिरिनचं विचारा. कॅल्शियम आताही चालू ठेवा: ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा जेवणासोबत, आणि लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह वाया जातं.

जेवणाचं थोडक्यात. सासूबाईंना सांगा, अळणी जेवणाने हे बीपी टळत नाही आणि जेवणच जात नाही. घरच्यासारखं मीठ ठेवा. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, पाकिटातला चिवडा मात्र आवरा. भाकरीवर किंवा वरणभातावर दिवसाला दोन लहान चमचे तूप चालेल, वाटीभर तुपातला शिरा आणि रोजचे डिंकाचे लाडू नकोत. ट्रायग्लिसराइड तुपाइतकंच साखर, मैदा आणि गोड चहानेही चढतं, हे बहुतेक घरांत लक्षात घेतलं जात नाही. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली उत्तम, तळण्यापेक्षा कालवण करा. मुशीसारखे मोठे मासे टाळा. खोकल्याच्या काढ्यात ज्येष्ठमध घालू नका, त्याने बीपी खरोखर वाढतं. सर्दीच्या दुकानी गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिनही तेच करतं. अंथरुणाला खिळून राहिल्याने बीपी टळत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. शाळेत उभं राहणं कमी करा, पण चालतं-फिरतं राहा.

संध्याकाळी पाय सुजणं गरोदरपणात नेहमीचं आहे. सकाळी उठल्यावर चेहरा किंवा पापण्या सुजणं, अंगठी एकाएकी घट्ट होणं, आठवड्यात एक किलोहून जास्त वजन चढणं हे वेगळं. पॅरासिटॅमॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळग्यात दुखणं, दम लागणं, लघवी कमी होणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. बरगडीखालच्या दुखण्याला घरात 'पित्त झालं' म्हणतात आणि सोडा-लिंबू देतात. ते दुखणं बरेचदा यकृताचं असतं आणि तिथेच वेळ जातो. बीपी १६०/११० भरलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या-एक तासात औषध सुरू व्हायला हवं. झटके आले तर तुम्हाला डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-पाणी काही घालायचं नाही, हे घरातल्या दोघांना आजच सांगून ठेवा. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन जीव वाचवतं. पुढे पाठवण्याआधी त्याचा पहिला डोस दिलाय का आणि तो चिठ्ठीवर लिहिलाय का, हे सोबतच्या माणसाने विचारावं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं असेल तर ठिकाण नव्याने तपासा. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि नवजात बाळांचा विभाग जिथे आहे किंवा अगदी जवळ आहे, असंच रुग्णालय निवडा. ३२ व्या आठवड्याच्या आत तिथे एकदा दाखवून नाव नोंदवा. कार्ड, सगळे अहवाल, बीपीची वही आणि मशीन सोबत न्या.

बाळ झालं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यात वर जातं. त्या वेळी बहुतेक बायका घरी आलेल्या असतात. म्हणून पहिले तीन दिवस रोज, पुढे दहाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ आणि नंतर सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत अधूनमधून मोजत राहा. झटके तेव्हाही येऊ शकतात आणि धोक्याची लक्षणं तीच. अंगावर पाजत असताना लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि एनालाप्रिल चालतात, दूध तोडायची गरज नाही. लिपिडची, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची, तपासणी बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर करा, त्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईल. तेव्हाही एलडीएल जास्त असेल तर त्याचा विचार फिजिशियनकडे करावा लागेल, कारण गरोदरपणात बीपी झालेल्या स्त्रियांना पुढच्या वयात हृदयविकाराची आणि कायमच्या बीपीची शक्यता जास्त असते. पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नका. तांबी चालेल, ती बाळंतपणानंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते.